खऱ्या माराचा आवाज

टीव्हीवर कुणी कुणाला ठोसा मारला की तुम्हाला जो आवाज ऐकू येतो ना, तो ठोशाचा नसतो. मारणाऱ्याची मूठ समोरच्याच्या गालापासून वीतभर लांबून जाते, समोरचा आपणहून मान झटकतो, आणि मग दोघंही चहा प्यायला जातात. आवाज नंतर आम्ही करतो. आम्ही म्हणजे आक्का. मी तो नुसता रेकॉर्ड करतो आणि चित्राला जोडतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची मला सवय नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात कौतुक कुणाचं करायचं याबद्दल घोळ नको.

आक्का अठ्ठावन्न वर्षांच्या. अंगाने काटकुळ्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, केस कायम रुमालाखाली. आमच्या खोलीत पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, चुकून भंगारवाल्याकडे आलो. वाळूचा ट्रे, खडीचा ट्रे, भिंतच नसलेला एक दरवाजा चौकटीसकट मधोमध उभा, अकरा जोड बुटं, कुलूप तुटलेली सूटकेस. एवढ्या पसाऱ्यातून बाई जग उभं करते. पक्षी उडवायचा असला तर रबरी हातमोजे झटकते. आग हवी असली तर गोळ्या-चॉकलेटचे कागद मुठीत चुरगळते. बावीस वर्षं मी काचेच्या या बाजूला बसून बघतोय, आणि अजूनही डोळे मिटले की फसतो.

पण त्यांचं नाव झालं ते मारामुळे. आमच्या धंद्यात 'आक्कांचा कडक' म्हटलं की सगळ्यांना कळतं. एका खुर्चीवर भिजवलेला चामडी कोट घडी करून ठेवायचा आणि त्यावर मूठ हाणायची. मग हाड मोडायला गाजरं, दोन-दोन एकत्र. तीही ताजी लागतात, शिळं गाजर मोडत नाही, लवतं. हात हवेतून आला हे कळायला पातळ छडी फिरवायची. तिन्ही वेगवेगळे घेऊन मी एकावर एक बसवतो. डोकं आपटायचं असलं तर कोबी. बाजारात आक्का कोबी कानाशी धरून टिचक्या मारत बसतात आणि भाजीवाला ओरडतो, "आक्का, कोबी आहे तो, कलिंगड नाही!" उरलेली गाजरं आम्ही मीठ लावून खातो.

गेली चार वर्षं आम्ही एका पोलिसी मालिकेचं काम करतोय. आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी आठ वाजता. त्यातला फौजदार रोज कुणाला ना कुणाला लोळवतो. लोक चॅनलला लिहितात, "तुमच्या फौजदाराचा ठोसा ऐकला की दिवसभराचा शीण जातो." माझा मेहुणा झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतो, पण आठ वाजले की तोच सोफ्याच्या उशीला बुक्क्या घालत "घे! आणखी घे!" करत असतो. आक्कांना या सगळ्याचा अभिमान होता, का नसावा? म्हणायच्या, "माझ्या हातून एक मुंगी मेली नाही कधी, पैलवान, आणि अर्धं जग मी लोळवलंय."

पैलवान म्हणजे मी. वजन शंभराच्या वर, आणि रस्त्यात भांडण दिसलं की मी गल्ली बदलतो. म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलं.

तर एका सोमवारी आक्का नऊच्या ऐवजी बारा वाजता आल्या. माझ्या बावीस वर्षांत पहिल्यांदा. आल्या त्या माझ्याकडे न बघता आत गेल्या आणि म्हणाल्या, "आज मारामारी नको. आधी पावलं करू."

पावलं सुरू झाली. पडद्यावर फौजदार बूट घालून जिना उतरतोय आणि बाईंच्या पायात सपाता. मी माइक बंद केला, काचेपलीकडे गेलो आणि समोर स्टूल ओढून बसलो.

"आक्का, काय झालं?"

"पैलवान," त्या म्हणाल्या, "मी फार मोठी चूक केलीय. फक्त माझ्यासारखी बाईच करू शकेल अशी."

आक्का एकट्या राहतात, दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या भिंतीला भिंत लागून सात महिन्यांपूर्वी एक जोडपं राहायला आलं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. नवरा औषधांचा विक्रेता. जिन्यात आक्का भेटल्या की हातातली पिशवी काढून घेणारा, "तुम्ही कशाला उचलता आक्का, मी आहे ना," म्हणत वरपर्यंत पोचवणारा. गोडबोल्या. मागच्या गुरुवारी त्या बायकोला हॉस्पिटलात न्यावं लागलं. दोन बरगड्या मोडलेल्या, मनगटाच्या हाडाला चीर. नवरा म्हणाला, बाथरूममध्ये पाय घसरला. तिनेही मान हलवली. डॉक्टरांना पटलं नाही, त्यांनी पोलिसांत कळवलं, आणि शुक्रवारी एक पोलीस मॅडम इमारतीत चौकशीला आल्या.

"तिने विचारलं, तुमची भिंत लागून आहे, कधी मारहाणीचा आवाज आला का? आणि मी काय सांगितलं माहितीय?" आक्का स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. "मी म्हणाले, मॅडम, आवाज हा माझा धंदा आहे. तीस वर्षं मी मारच करते. पलीकडे मार झाला असता तर मला झोपेतसुद्धा ओळखू आला असता. तिने शब्द न् शब्द लिहून घेतला. खाली मी सही केली. झोकात."

"मग?"

"मग काय. आवाज येत होता, पैलवान. महिनोन् महिने येत होता. थप्. जरा थांबून पुन्हा थप्. मला वाटायचं, गादी झोडपताहेत. एकदा जिन्यात तिला म्हणालेसुद्धा, 'काय गं, रोज गादी झोडपतेस? ढेकूण झालेत का?' ती हसली. 'हो आक्का' म्हणाली."

त्या पुढे सांगत होत्या. रविवारी चादर बदलताना त्यांच्या पायाचं बोट पलंगाला आपटलं. स्वतःचाच राग आला आणि त्यांनी स्वतःच्या मांडीवर मूठ हाणली. नुसतीच. ना कोट, ना गाजर. आक्कांनी मला ते तिथेच करून दाखवलं.

थप्.

"हा," त्या म्हणाल्या. "हाच."

"अहो, पण तुम्हाला कसं कळणार? कुणालाच..."

"मला कळायला हवं होतं!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की ट्रेमधली छडी खाली पडली. "आणि इतरांना नसेल कळलं तर त्यांचे कान कुणी बिघडवले? तूच सांग. मीच ना? मार म्हणजे कडाड् वाजणारा, हे मीच शिकवलंय त्यांना, रोज, आठ वाजता. आणि ऐक, तो आवाज कधी यायचा माहितीय? आठ वीसला."

आठ वीसला काय असतं हे मला विचारायची गरज नव्हती. पहिल्या जाहिराती आठ सतराला संपतात, आणि त्यानंतर फौजदाराची मारामारी. चार वर्षं हाच शिरस्ता आहे. त्या वेळी इमारतीतला प्रत्येक टीव्ही मोठा केलेला असतो.

"तो माझ्या आवाजाआड मारत होता," आक्का म्हणाल्या.

सकाळी उशीर झाला तो त्या पोलीस ठाण्यात गेल्या होत्या म्हणून. मॅडम चांगल्या होत्या, पण काय करणार? शुक्रवारी एक जबाब, सोमवारी दुसरा. वकील चिंध्या करेल म्हणाल्या. त्यात ती बिचारी स्वतःच घसरले म्हणतेय. आणखी एखाद्या शेजाऱ्याने जरी ऐकलं असं सांगितलं, तर मॅडम तिच्याशी पुन्हा बसून बोलू शकत होत्या, नवऱ्याला तिच्यापासून लांब ठेवायची तजवीज करू शकत होत्या. नाहीतर गुरुवारी दुपारी हॉस्पिटल तिला घरी सोडणार होतं. न्यायला तोच येणार होता.

म्हणजे हातात तीन दिवस.

"शेजाऱ्यांना विचारलंत?"

"विचारलं. वरचा शिंपी म्हणाला, 'आक्का, मारामारी कशी वाजते हे आम्हाला माहीत नाही का? रोज तर ऐकतो.' खाली रिटायर्ड मास्तर आहेत. त्यांना मी मांडीवर मारून दाखवलं तर म्हणाले, 'बसा आक्का, पाणी घ्या.' खोटं बोलत नाहीत रे ते. त्यांनीही ऐकलंय, माझ्यासारखंच. ऐकलंय आणि ओळखलं नाही." मग त्या उठल्या, सपाता काढल्या आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बुधवारच्या भागात काय आहे?"

बुधवारच्या भागात फौजदार एका खबऱ्याला बंद खोलीत मारतो, असा प्रसंग होता. कॅमेरा बाहेरच थांबतो. बाहेर बाकावर त्या खबऱ्याची बायको बसलीय, आणि दाराआडून आपल्याला नुसते ठोसे ऐकू येतात. साहेबांनी, म्हणजे निर्मात्यांनी, कागदावर लाल शाईने लिहिलं होतं: 'अति कडक.'

आक्कांनी तो कागद वाचला, चार घड्या घालून वाळूच्या ट्रेखाली सारला. म्हणाल्या, "इथे खरा मार लावायचा. सगळी इमारत आठला टीव्हीपुढे असते. तोंडाने सांगून त्यांना पटत नाही ना, मग ज्या डबड्याने त्यांचे कान बिघडवले त्याच डबड्यातून सांगू."

मी अनेक हुशार माणसांबरोबर काम केलंय. पण स्वतःची चूक अशी हातात धरून तिचंच हत्यार करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता खरा मार करायचा म्हणजे काय ते आम्हाला त्या दुपारी कळलं. माइक शेजारच्या सामानाच्या खोलीत नेला, म्हणजे मध्ये भिंत येईल. इकडून आक्का हाणताहेत. वाळूची पिशवी झाली, गुंडाळलेली गादी झाली, ओली गोधडी झाली. मळलेल्या कणकेचा पाच किलोचा गोळासुद्धा झाला. मी हेडफोन कानाला लावून ऐकायचो आणि मान हलवायचो. पिशवी पिशवीसारखी वाजत होती, गादी गादीसारखी. तीस वर्षं जी बाई गाजराला हाड म्हणून खपवत आली तिला मांसाचा आवाज सापडत नव्हता. मंगळवारी दुपारी त्या खाली बसल्या.

"नाही होत, पैलवान. याला माणूसच लागतो."

मी म्हणालो, "मग मला मारा."

"वेडा झालास का?"

"एवढा मोठा ऐवज देवाने दिलाय, कधी तरी कामाला येऊ दे की. तुम्ही आयुष्यात कुणाला मारलंय?"

"नाही."

"मीही कधी खाल्लेला नाही. चला, दोघांचीही पहिलीच वेळ."

मी सामानाच्या खोलीतला माइक चालू केला, परत आलो आणि आक्कांकडे पाठ करून भिंतीशी उभा राहिलो. पहिल्या दोन-तीन बुक्क्यांना मला हसूच आलं. "आक्का, पाठ खाजवताय का?" त्याही हसल्या. आणि मग एक बसली, डाव्या खांद्याच्या खाली. हातचं काहीही न राखता.

त्या बुक्कीबद्दल मला सांगता येणार नाही नीट. श्वास अडकला हे खरं. डोळ्यांत पाणी आलं हेही खरं. पण दुखण्यापेक्षा वेगळंच काहीतरी झालं. पन्नास वर्षांचा, शंभर किलोचा माणूस मी, स्वतः 'मारा' म्हणून उभा राहिलेला, मागे माझ्यावर माया करणारी बाई, आणि तरी एका क्षणात मी एवढासा झालो. पुढची कधी बसेल याची वाट बघत भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. सात झाल्या. सातवी झाल्यावर आक्का बाहेर गेल्या आणि बराच वेळ नळाखाली हात धूत राहिल्या.

मग आम्ही ते ऐकलं. आणि मी थक्क झालो.

"एवढंच?" मी म्हणालो.

एवढंच होतं. मला जेवढं लागलं होतं त्याचा शंभरावा हिस्साही त्या आवाजात नव्हता. थप्. कुणी गादी झोडपावी तसं. कुणी पिशवी खाली ठेवावी तसं. त्या आवाजामागे माणूस आहे हे शोधूनही सापडत नव्हतं.

"एवढंच असतं," आक्का म्हणाल्या. "म्हणून तर कुणी येत नाही." आणि त्यांनी गरम पाण्याची पिशवी माझ्या पाठीला लावली.

संध्याकाळी साहेब आले. प्रसंग बघितला, भुवया वर गेल्या. "हे काय? उशा पडताहेत का आत? मला कडक पाहिजे."

"साहेब," आक्का म्हणाल्या, "तीस वर्षं तुम्हाला पाहिजे तसा दिला. आता एकदा असतो तसा घ्या."

"लोक चॅनल बदलतील."

"बदलू देत. पण आधी ऐकू देत."

साहेब वाईट माणूस नाही. पण त्यांना ठोसा विकायचा होता, आणि आमचा ठोसा विकाऊ नव्हता. "कडक लावा. विषय संपला," म्हणून ते गेले. जाताना माझ्याकडे बघून गेले, कारण शेवटची फाइल चॅनलला पाठवायचं काम माझं.

मी शूर नाही, हे वर सांगितलंच आहे. नोकरी मला प्रिय आहे. बुधवारी सकाळी मी कडक आवाजाची फाइल तयार केली, खऱ्या आवाजाची फाइल तयार केली, आणि दोन्ही समोर ठेवून बराच वेळ बसलो. शेवटी खुर्चीला टेकलो आणि पाठीतून कळ आली. मग मी खरी पाठवली. यात शौर्य काही नाही, पाठ दुखत होती एवढंच.

त्या संध्याकाळी मी आक्कांकडे गेलो. फोन बंद करून ठेवला होता. खोली लहान, पण नेटकी: पलंग, टीव्ही, खिडकीत दोन कुंड्या, आणि ती भिंत. भिंतीला पलंग लागून होता. मला तिकडे बघवेना. आठ वाजले आणि इमारतभर मालिकेचं संगीत सुरू झालं, वरून, खालून, जिन्याच्या पलीकडून. सगळ्यात मोठं भिंतीपलीकडून. तो घरी होता. बायको हॉस्पिटलात होती तरी त्याचा टीव्ही नेहमीसारखाच मोठा होता.

आठ सतरा. जाहिराती संपल्या. बाकावर बसलेली बायको दिसली. बंद दार दिसलं.

थप्.

एकाच वेळी पाच घरांतून तो आवाज आला. वरच्या छतातून, खालच्या फरशीतून, पलीकडून. माझ्या पाठीतून. पडद्यावर दार तसंच बंद, बाकावरची बाई तशीच बसलेली.

थप्.

वरच्या घरात कुणीतरी बोलत होतं ते मध्येच थांबलं. आक्का डोळे मिटून बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर.

तिसऱ्या ठोशाला एक टीव्ही बंद झाला. सगळ्यात आधी बंद झाला तो भिंतीपलीकडचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. संबंध इमारतीत तो आवाज कसला आहे हे पहिल्या झटक्यात ओळखणारा माणूस तोच होता.

मालिका पुढे गेली. आम्ही दोघंही बघत नव्हतो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला वाटू लागलं, संपलं. उद्या माझी नोकरी जाणार आणि ती पोरगी त्याच घरात परत येणार. तेवढ्यात आक्कांनी बोट वर केलं.

"शिंपी," त्या म्हणाल्या. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. "उतरतोय. डावी चप्पल घासतोय." मग जरा थांबून, "खालून मास्तर. आणि मास्तरांची बायको. ती पुढे आहे."

मी दार उघडलं. शिंपी उंबऱ्यावरच उभा राहिला, गळ्यात मापाची टेप तशीच. "आक्का," तो म्हणाला, "हे... हे आमच्या खालून यायचं हो." आणि त्याचा हात भिंतीकडे गेला.

मास्तर उंबऱ्याबाहेरच मागे राहिले. बोलल्या त्या त्यांच्या बायको. "मी ह्यांना म्हटलं होतं एकदा, वर काहीतरी पडतंय सारखं. तर हे म्हणाले, मालिका बघू दे. मग मीच टीव्ही मोठा करायला लागले." त्या रडत नव्हत्या. संतापल्या होत्या, स्वतःवर, मास्तरांवर, बहुतेक माझ्यावरही. "कुठे सही करायची ते सांगा. आत्ता जायचं का?"

"आत्ताच," आक्का म्हणाल्या, आणि चपला पायात सरकवल्या. चौघं ठाण्यात गेली. मी त्यांच्यामागून गेलो. शेजारचं दार बंद होतं आणि आत दिवा नव्हता, पण माणूस होता. आक्का त्या दारासमोर थांबल्या, मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलं आम्ही," आणि जिना उतरल्या.

गुरुवारी सकाळी मॅडमबरोबर आम्ही हॉस्पिटलात पोचलो. नवरा आधीच येऊन बसला होता, बाहेरच्या बाकावर, मांडीवर फळांची पिशवी. मॅडमनी दोन शिपाई त्याच्या शेजारी बसवले. आत आठ खाटांचा वॉर्ड. ती खिडकीशी बसली होती, बॅग भरून तयार, मनगट प्लास्टरमध्ये. आक्कांना बघून ती आधी नेहमीसारखी हसली. मग मागे शिंपी, मास्तर, मास्तरांच्या बायको बघून तिचं हसू गेलं.

आक्का तिच्याजवळ खाटेवर बसल्या. मी त्यांना कधी माफी मागताना ऐकलं नव्हतं. त्यांनी सरळ मागितली. "मी ऐकत होते, बाळा. सगळं ऐकत होते. मला कळलं नाही. मला क्षमा कर."

मॅडमनी सांगितलं की तिघांनी जबाब दिलेत, आता तिला काही सांगायचं असेल तर सांगता येईल, आणि नसेल तरी आज तिला त्या घरी जावं लागणार नाही, आक्कांकडे किंवा दुसरीकडे सोय होईल. ती ऐकत होती, पण बघत होती वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या टीव्हीकडे. तो बंद होता.

"काल संध्याकाळी इथे टीव्ही लावला होता," ती हळूच म्हणाली. "सगळ्या बघत होत्या. तो दाराचा सीन आला. ठोशाचा आवाज आला तशी त्या," तिने समोरच्या खाटेवरच्या म्हातारीकडे बोट केलं, "त्या म्हणाल्या, 'शी, काय फुसका ठोसा! असा कुठे असतो?' सगळ्या हसल्या."

समोरची म्हातारी पांघरुणाशी चाळा करायला लागली.

"मी म्हटलं, 'असाच असतो.'" तिने आक्कांकडे बघितलं. "तोंडातून निघून गेलं माझ्या. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. मग त्यांनी विचारलं, 'तुला काय माहीत?' आणि कुणीतरी उठून टीव्ही बंद केला."

आक्कांनी तिचा चांगला हात हातात घेतला. माझ्या पाठीवर सात वेळा बसलेला तो काटकुळा हात.

ती मॅडमकडे वळली आणि म्हणाली, "मी घसरले नव्हते. लिहून घ्या."